‘ह्यूमन टेरेन’ला मराठीत काय म्हणावं?

एका भाषांतरकार वाचकाचा प्रश्न आहे. अफगाणिस्तानातल्या युद्धावरचा लेख मराठीत आणताना ‘ह्यूमन टेरेन टीम’साठी, म्हणजे स्थानिक लोकांना समजून घ्यायला अमेरिकी लष्कराने आपल्या ब्रिगेडबरोबर पाठवलेल्या संशोधकांच्या पथकासाठी, ‘मानवी भूभाग पथक’ लिहावं की ‘लोकजीवन अभ्यास पथक’? आणि त्या पथकातल्या संशोधकांना मूळ लेखात ‘एम्बेडेड’ म्हटलंय, त्याला मराठी शब्द कोणता?

‘लोकजीवन अभ्यास पथक’ वाचायला छान वाटतं, पण ते वापरू नका. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांची नजर त्यात पुसली जाते. ‘टेरेन’ म्हणजे भूभाग. तो भूगोलाच्या पुस्तकातही असतो, पण लष्कराच्या बोलण्यात तो आला की जमीन एका विशिष्ट हिशेबाने पाहिली जाते: खिंड कुठे आहे, नदी कुठून ओलांडता येईल, आडोसा कोणता, मारा कुठून होईल. माणसांकडेही त्याच हिशेबाने पाहायचं, असा ‘ह्यूमन टेरेन’चा अर्थ आहे. हा शब्दप्रयोग अफगाणिस्तानच्या युद्धाहून बराच जुना आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका समितीच्या १९६८ च्या अहवालात तो सापडतो, आणि तोही परदेशाबद्दल नव्हे, तर अमेरिकेतल्याच कृष्णवर्णीय संघटना गनिमी लढा उभारतील या धास्तीपोटी.

‘अभ्यास’ या शब्दावरही मला भरवसा नाही. कोण, कोणासाठी आणि कशासाठी अभ्यास करतंय हे त्यातून कळत नाही. इंग्रजांच्या काळात भारतीय लष्करासाठी जातीजमातींवर हस्तपुस्तिका निघत, १९०८ साली त्यात मराठ्यांवरची बेथॅम यांची पुस्तिकाही आली. तोही अभ्यासच होता, पण भरती करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामासाठी केलेला.

काहींना इथे ‘मुलूख’ सुचेल, कारण त्यात जमीन आणि माणसं दोन्ही येतात. पण ‘आपला मुलूख’ म्हणताना त्यात जी माया येते, ती मूळ शब्दात अजिबात नाही. म्हणून माझं मत ‘मानवी भूभाग’ला. कानाला खटकतो, पण मूळ शब्दही अनेक इंग्रजी वाचकांना असाच खटकला होता. पहिल्यांदा येईल तिथे ‘ह्यूमन टेरेन’ हे नाव देऊन एका वाक्यात अर्थ सांगावा, पुढे ‘मानवी भूभाग पथक’ चालवावं.

‘एम्बेडेड’चा गुंता मोठा आहे. २००३ च्या इराक युद्धात तुकड्यांबरोबर फिरणाऱ्या पत्रकारांमुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला. पण पत्रकार सैन्यासोबत असला तरी लिहितो आपल्या वाचकासाठी. या पथकांचं तसं नव्हतं. अमेरिकी लष्कराने उभारलेल्या या योजनेतलं पहिलं पथक फेब्रुवारी २००७ मध्ये अफगाणिस्तानात खोस्तला ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या ब्रिगेडबरोबर गेलं. गावकऱ्यांशी बोलायचं, त्यांचे तंटे, नाती, गरजा समजून घ्यायच्या आणि ब्रिगेडच्या कमांडरला सल्ला द्यायचा, हे त्याचं काम. संशोधक बहुधा गणवेशात असत, काहींजवळ शस्त्रंही असत.

तेव्हा ‘सोबतचे संशोधक’ अपुरं पडतं. ‘संलग्न’ म्हटलं की विद्यापीठाशी जोडलेलं कॉलेज आठवतं. ‘तैनात’ आपण खुद्द तुकडीसाठी वापरतो, तोच संशोधकाला लावला तर सैनिक आणि तो यांतला फरक राहत नाही. आपल्याकडे ‘दिमतीला’ हा फार नेमका शब्द आहे. साहेबाच्या दिमतीला दोन शिपाई, पाहुण्यांच्या दिमतीला गाडी. जो दिमतीला असतो तो कोणाच्या तरी कामासाठी असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘ब्रिगेडच्या दिमतीला दिलेले संशोधक’ असं लिहा.

मूळ लेखात ‘इन्फॉर्मंट’ येईल तिथे फार जपून. मराठीत त्याला ‘माहितीदाता’ही म्हणता येतं आणि ‘खबऱ्या’ही, आणि या दोघांतच सगळा वाद आहे. ३१ ऑक्टोबर २००७ ला अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळाने या योजनेबद्दल नापसंती जाहीर केली. सशस्त्र सैनिक भोवती असताना गावकऱ्याची संमती मोकळ्या मनाने दिलेली मानता येईल का, आणि त्याने सांगितलेलं उद्या कोणाला लक्ष्य करायला वापरलं जाणार नाही कशावरून, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. म्हणजे संशोधक ज्याला माहितीदाता समजतो, त्याचा नकळत खबऱ्या होतो. योजनेच्या समर्थकांचं म्हणणं उलट होतं: लोक समजले तर गोळीबार कमी होईल, दोन्हीकडची माणसं वाचतील. भाषांतरकाराने एकच शब्द सगळीकडे चालवला तर कळत नकळत एका बाजूचा निकाल लागतो. म्हणून टीकाकार बोलत असेल तिथे ‘खबऱ्या’ शोभेल, संशोधक बोलत असेल तिथे ‘माहितीदाता’.

४ नोव्हेंबर २००८ ला कंदाहार प्रांतातल्या चेहेल गाझी गावात अशाच पथकातली पॉला लॉइड ही संशोधक इंधन घेऊन चाललेल्या एका माणसाला त्या इंधनाची किंमत विचारत होती. सैनिक जवळच होते. त्या माणसाने ते इंधन तिच्या अंगावर ओतून पेटवलं. जानेवारी २००९ मध्ये ती गेली. या पथकांतलेच मायकल भाटिया आणि निकोल सुवेगेस त्याआधी २००८ मध्येच खोस्त आणि बगदादमध्ये मारले गेले होते. या प्रसंगांचं भाषांतर करताना ‘चौकशी’ टाळा. मराठीत चौकशी पोलिसही करतात. लॉइड भाव विचारत होती, तिथे ‘विचारपूस’ हवी.

शेवटचं, प्रश्नात नसलेलं. या पथकांना सर्रास ‘मानववंशशास्त्रज्ञांची पथकं’ म्हटलं जातं. मॉन्टगोमेरी मॅकफेट या मानववंशशास्त्रज्ञ योजनेचा चेहरा होत्या, त्यामुळे तसं झालं असावं. प्रत्यक्षात भाटिया आणि सुवेगेस राज्यशास्त्राचे अभ्यासक होते. ‘सोशल सायंटिस्ट’साठी ‘समाजशास्त्रज्ञ’ लिहिलं तर मराठीत तो एकाच विषयाचा माणूस ठरतो. तिथे ‘सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक’ लिहावं. लांब आहे, पण बरोबर आहे.