कार्डावर 'लायसन्स्ड, बाँडेड', आणि किचन अर्धवट : पैसे परत मिळतील का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. घर आमचंच. किचन आणि दोन बाथरूम नव्याने करायला काढली. मंडळातल्या एका ओळखीच्यांनी काँट्रॅक्टर सुचवला. ६२,००० डॉलर ठरले, त्यातले १५,००० त्याने सुरुवातीलाच घेतले. लेखी म्हणावं तर एक पानी एस्टिमेट, बाकी सगळं व्हॉट्सअॅपवर. सिटीचं परमिट त्याने आमच्याच नावावर काढायला लावलं. स्वस्त पडतं म्हणाला. आजवर ४१,००० दिले, काम जेमतेम निम्मं. सात आठवडे कोणी फिरकलेलं नाही. आणखी १२,००० द्या, तरच येतो, नाहीतर घरावर लीन (थकलेल्या पैशांपोटी घरावर नोंदवलेला हक्क) टाकतो, असं म्हणतो. त्यात कॅबिनेटच्या दुकानाकडून सर्टिफाइड पोस्टाने एक नोटीस आली आहे. त्याच्या कार्डावर 'लायसन्स्ड, बाँडेड' लिहिलंय, फ्रीमाँटचं बिझनेस लायसन्स त्याने दाखवलं होतं आणि राज्याच्या नोंदीतही लायसन्स 'अॅक्टिव्ह' दिसतं. बाँडमधून पैसे मिळतील का? सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत, खालचं बाथरूम तरी व्हायला हवं, म्हणून घरातले म्हणतात देऊन टाकू १२,०००.

उत्तर : देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी ठरवा.

कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारात काँट्रॅक्टरला आगाऊ घेता येणारी रक्कम ठरलेली आहे : कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल ते. तुमच्या बाबतीत १,०००. त्याने घेतले १५,०००. त्यानंतरचे हप्तेही झालेल्या कामाच्या किंवा आणलेल्या मालाच्या किमतीपुढे जाता कामा नयेत. निम्मं काम म्हणजे साधारण ३१,०००. तुमच्याकडून गेले ४१,०००. 'पैसे द्या, मग येतो' ही मागणीच या नियमाच्या विरुद्ध आहे आणि हा नियम मोडणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. (ज्यांनी परफॉर्मन्स आणि पेमेंट बाँड, म्हणजे काम पुरं करण्याची आणि देणी भागवण्याची हमी, राज्याच्या बोर्डाकडे जमा केलेत अशा मोजक्या कंपन्यांना १,००० ची मर्यादा लागत नाही. तशी नोंद बोर्डाकडे दिसते. एकट्यादुकट्या काँट्रॅक्टरकडे ती सहसा नसते.)

आता लायसन्स. फ्रीमाँटचं बिझनेस लायसन्स म्हणजे शहरात धंदा करण्याबद्दल भरलेला कर. त्याला टाइल बसवता येते की नाही याच्याशी शहराला तिथे काही कर्तव्य नसतं. कामाचं लायसन्स देतं राज्य, म्हणजे काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, ज्याला सगळे सीएसएलबी म्हणतात. २०२५ पासून १,००० डॉलरपर्यंतची, परमिट न लागणारी आणि मदतनीस न घेता केलेली कामं सोडली तर हे लायसन्स लागतंच. तुम्ही तिथे नंबर टाकून 'अॅक्टिव्ह' पाहिलंत, हे चांगलं केलंत, पण त्याच पानावर आणखी तीन गोष्टी वाचायच्या असतात. लायसन्सवरचं नाव आणि तुमच्या एस्टिमेटवरचं, तुम्ही ज्या नावाने चेक फाडलेत ते नाव एकच आहे का? वर्ग कुठला आहे? किचन-बाथरूमच्या एकत्र कामाला जनरल बिल्डिंगचा 'बी' किंवा रिमॉडेलिंगचा 'बी-२' लागतो. नुसत्या रंगकामाच्या 'सी-३३' वर हे काम घेता येत नाही. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची ओळ : वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार विमा.

या ओळीवर थांबू, कारण माझ्या मते तुमचं प्रकरण इथेच फिरू शकतं. ज्याच्याकडे एकही कामगार नाही असा काँट्रॅक्टर बोर्डाला तसं लिहून देऊन कामगार विम्यातून सूट घेऊ शकतो. (काँक्रीट, एअर कंडिशनिंग, झाडं तोडणं अशा काही वर्गांना ही सूट नाही, आणि १ जानेवारी २०२८ पासून कोणालाच राहणार नाही.) तुमच्या काँट्रॅक्टरच्या पानावर 'एक्झेम्प्ट' लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल आणि तुमच्याकडे रोज त्याची दोन-तीन माणसं राबत असतील, तर त्याने बोर्डाला खोटं लिहून दिलंय. कायदा म्हणतो की लागणारा कामगार विमा नसेल तर लायसन्स आपोआप निलंबित होतं. २००७ च्या 'राइट विरुद्ध इसाक' खटल्यात अपील कोर्टाने हेच धरलं. त्या काँट्रॅक्टरकडे पॉलिसी होती, पण कामगारांचा पगार त्याने विमा कंपनीला फारच कमी दाखवला होता. कोर्ट म्हणालं, हा विमा नसल्यातच जमा. लायसन्स निलंबित झालेलं होतं. उरलेले पैसे मागायला आलेल्या त्या माणसाला घेतलेले पैसेही परत करावे लागले.

निलंबनाला एवढं महत्त्व का, तर कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड या कायद्याच्या कलम ७०३१ मुळे. काम चालू असताना पूर्ण काळ वैध लायसन्स नसेल तर काँट्रॅक्टरला कोर्टात एक डॉलरही मागता येत नाही, आणि घरमालकाला त्याला दिलेली सगळी रक्कम परत मागता येते, झालेल्या कामाची किंमत वजा न करता. घरमालकाला आधीपासून माहीत होतं, हाही बचाव चालत नाही. 'आलात्रिस्ते विरुद्ध सीझर्स एक्स्टीरियर डिझाइन्स' (२०१०) मध्ये काँट्रॅक्टरला काम सुरू झाल्यानंतर लायसन्स मिळालं होतं, घरमालकाला ते ठाऊक होतं, तरी सगळे पैसे परत मिळाले. कायदा कठोर आहे, आणि मला तो योग्य वाटतो. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती घराची वायरिंग आणि गॅसची लाइन गेली तर काय होतं ते इथल्या वकिलांना रोज दिसतं.

पण खात्री धरू नका. 'लोरेंजर विरुद्ध जोन्स' (२०१०) मध्ये काँट्रॅक्टरकडे खरी पॉलिसी होती म्हणून कोर्टाने लायसन्स निलंबित मानलं नाही. पूर्वी रीतसर लायसन्स असलेल्याला 'मी ते टिकवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला' असं सिद्ध करून सुटण्याची वाटही कायद्यात आहे. म्हणून पुरावा गोळा करा : कोण कधी आलं, दारावरच्या कॅमेऱ्यातली चित्रं, 'उद्या दोन पोरं पाठवतो' असे मेसेज. व्हॉट्सअॅपचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि मुदत लक्षात असू द्या. कलम ७०३१ खाली पैसे परत मागायला फक्त एक वर्ष मिळतं. ते काम संपल्यापासून किंवा थांबल्यापासून धावतं, तुम्हाला कळल्यापासून नव्हे; २०२० च्या 'आयझेनबर्ग व्हिलेज' निकालाने हे पक्कं केलं. तुमच्या वर्षातले सात आठवडे संपलेत.

तुमचा मूळ प्रश्न बाँडचा. बाँड हा तुमचा विमा आहे असा बहुतेकांचा समज असतो, आणि 'बाँडेड' हा शब्द कार्डावर ठळक छापला जातो तो त्या समजावरच. प्रत्यक्षात तो एका शुअरिटी (हमी देणाऱ्या) कंपनीने राज्याला दिलेला हमीकागद आहे. रक्कम २५,००० डॉलर (२०२३ आधी १५,००० होती). ही रक्कम तुमच्या एका कामापुरती नाही, त्या काँट्रॅक्टरच्या सगळ्या ग्राहकांसाठी मिळून आहे. त्याने तुमच्यासारखी आणखी तीन घरं अर्धवट सोडली असतील तर चौघांचे हात त्याच भांड्यात. मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. स्वतः राहत्या घराची दुरुस्ती करून घेणाऱ्याला पूर्ण २५,००० पर्यंत दावा करता येतो. माल पुरवणारे वगैरे इतरांना त्यातले ७,५०० च्या वर हात लावता येत नाही. तुम्ही त्या घरात राहता, हे दाव्यात स्पष्ट लिहा.

शुअरिटी कंपनीचं नाव आणि बाँड नंबर सीएसएलबीच्या त्याच पानावर असतो. कंपनीला लेखी दावा पाठवा. 'काम आवडलं नाही' एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. काँट्रॅक्टर कायद्यातला कुठला नियम मोडला ते दाखवावं लागतं. तुमच्याकडे ते भरपूर आहे : १,००० ऐवजी १५,००० आगाऊ, ५०० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीला सक्तीचा असलेला आणि ठरावीक मजकूर असलेला लेखी करार नाही, कामाच्या पुढे घेतलेले हप्ते, सबळ कारणाशिवाय सोडलेलं काम. सोबत दुसऱ्या लायसन्सधारक काँट्रॅक्टरकडून 'उरलेलं आणि चुकलेलं दुरुस्त करायला किती' याचं लेखी एस्टिमेट लावा. नुकसानीचा आकडा त्यातूनच ठरतो. बाँडवरचा दावा कोर्टात न्यायला मुदत मोठी आहे (हे घडलं तेव्हा चालू असलेली लायसन्सची मुदत संपल्यापासून दोन वर्षं), पण भांडं एकच असल्यामुळे थांबण्यात शहाणपण नाही.

आता लीनची धमकी. दुकानाची नोटीस म्हणजे लीन नाही. ती प्रिलिमिनरी नोटीस : 'आम्ही तुमच्या घराला माल दिला आहे, आमचे पैसे थकले तर तुमच्या घरावर हक्क सांगू' एवढंच ती म्हणते. तरी ती गंभीरपणे घ्या, कारण तुम्ही काँट्रॅक्टरला कॅबिनेटचे पैसे दिले असले आणि त्याने ते दुकानात भरले नसले, तर दुकानदार तुमच्या घरावर लीन टाकू शकतो. एकाच कॅबिनेटचे पैसे दोनदा देण्याची वेळ येते ती अशी. आजच दुकानाला फोन करून बाकी किती ते लेखी मागवा. यापुढे कुठलाही चेक दुकान आणि काँट्रॅक्टर दोघांच्या नावाने एकत्र काढा आणि त्याबरोबर कायद्यात दिलेल्या नमुन्यातला लीन रिलीज, म्हणजे लीनचा हक्क सोडल्याचा कागद, सही करून घ्या.

लीन नोंदवायलाही मुदत असते, आणि ती आखडणं तुमच्या हातात आहे. काम पुरं झाल्यावर मूळ काँट्रॅक्टरला आणि पुरवठादाराला ९० दिवस मिळतात. सलग ६० दिवस काम बंद राहिलं तर कायदा ते 'पुरं' धरतो. पण सलग ३० दिवस बंद असेल तर घरमालकाला काउंटी रेकॉर्डरकडे (मालमत्तेचे कागद नोंदवणारं कार्यालय), तुमच्यासाठी अलमीडा काउंटी, 'नोटीस ऑफ सेसेशन', म्हणजे काम थांबल्याची नोटीस, नोंदवता येते. तशी नोंदवलीत की काँट्रॅक्टरला ६० दिवस आणि दुकानाला फक्त ३० दिवस उरतात. तुमचे ४९ दिवस होऊन गेलेत, तेव्हा ही नोटीस या आठवड्यातच नोंदवा आणि तिची प्रत दोघांना पोस्टाने पाठवा. ती नोंदवण्याआधी नवा माणूस कामाला लावू नका. काम पुन्हा सुरू झालं तर 'काम बंद आहे' हे म्हणणंच अडचणीत येतं. लीन पडलाच, तर टाकणाऱ्याने ९० दिवसांत कोर्टात दावा लावला नाही तर तो लागू करता येत नाही. मग १० दिवसांची लेखी सूचना देऊन तुम्ही तो कोर्टातून काढून घेऊ शकता, आणि जिंकणाऱ्याला वकिलाची फी मिळते.

परमिटबद्दल थोडं कठोर लिहितो. 'तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडतं' हे वाक्य ऐकलं की काँट्रॅक्टर बदलायचा. परमिटवर 'ओनर-बिल्डर' म्हणून सही करताना तुम्ही शहराला सांगता की काम मी करवून घेतोय, जबाबदारी माझी. मग चुकीची वायरिंग तुमची आणि विमा नसलेला कामगार शिडीवरून पडला तर तोही तुमच्याच गळ्यात येऊ शकतो. तुमच्या होमओनर्स विम्यात कामगारांसाठी काय संरक्षण आहे ते एजंटला विचारून घ्या. शहराच्या बिल्डिंग विभागाला काम थांबल्याचं लेखी कळवा, आजवर कुठली इन्स्पेक्शन झाली त्याची नोंद मागवा, आणि नवा काँट्रॅक्टर येईल तेव्हा परमिट त्याच्या लायसन्सवर घ्यायला लावा. भिंतीतली पाइपलाइन टाइलखाली झाकायच्या आधी इन्स्पेक्टरने पाहिलेली असली पाहिजे. नसेल तर नवी टाइल फोडावी लागते.

सासूबाईंच्या बाथरूमसाठी महिनोन्‌महिने थांबायची गरज नाही. काँट्रॅक्टरला सर्टिफाइड पोस्टाने आणि ईमेलने पत्र पाठवा : दहा दिवसांत पैसे न मागता कामावर या, नाहीतर तुम्ही काम सोडलं असं धरू. तोवर सगळ्याचे फोटो, व्हिडिओ आणि दुसऱ्याचं एस्टिमेट घेऊन ठेवा. तो आला नाही आणि नोटीस ऑफ सेसेशन नोंदवून झाली, की आधी खालचं बाथरूम करून घ्या.

सीएसएलबीकडे तक्रारही करा, फी नाही. बोर्ड चौकशी करतं, काही प्रकरणं लवादाकडे पाठवतं, लायसन्सवर कारवाई करतं. आणि उद्या तुम्हाला कोर्टाचा निकाल मिळाला आणि त्याने पैसे भरले नाहीत, तर त्याचं लायसन्स त्या कारणानेही निलंबित होऊ शकतं. निकालापेक्षा याचीच भीती अनेकांना जास्त वाटते. मंडळातल्या ओळखीच्यांना वाईट वाटेल म्हणून तक्रार टाळू नका. पुढच्या कुटुंबाला तो नंबर तपासताना काहीतरी दिसायला हवं.

४१,००० ही रक्कम स्मॉल क्लेम्स कोर्टाच्या (लहान रकमांचे दावे चालवणारं कोर्ट) १२,५०० च्या मर्यादेत बसत नाही. तेव्हा एस्टिमेट, चेकच्या प्रती, दुकानाची नोटीस आणि सीएसएलबीच्या पानाची आजची छापील प्रत घेऊन बांधकामाचे खटले चालवणाऱ्या वकिलाला महिन्याभरात भेटा, आणि पहिला प्रश्न कामगार विम्याचा विचारा.

दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. वॉशिंग्टन राज्यात जनरल काँट्रॅक्टरचा बाँड जुलै २०२४ पासून ३०,००० आहे आणि नोंदणी लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याकडे असते. टेक्सासमध्ये जनरल काँट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच लागत नाही. तिथे तुमचं संरक्षण जवळजवळ सगळं तुम्ही लिहून घेतलेल्या करारातच असतं.