गाणी नसलेलं पार्श्वसंगीत मुलांसोबत कसं ऐकायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलीला 'अप' हा अ‍ॅनिमेशनपट खूप आवडतो, घरात तो पुन्हा पुन्हा लागतो, पण त्याच्या संगीताबद्दल विचारलं तर तिला काही सांगता येत नाही आणि तुम्हालाही नाही. मग त्या संगीताला ऑस्कर कशासाठी मिळालं, आणि ते ऐकायचं कसं?

सगळं संगीत ऐकायला जाऊ नका. एकच धून पकडा आणि चित्रपटभर तिच्या मागे जा. 'अप'मध्ये (2009, संगीतकार मायकेल जियाकिनो) ती एलीची, म्हणजे नायक कार्लच्या बायकोची, धून आहे.

कार्ल आणि एलीचं लग्न झाल्यावरची चारेक मिनिटं आठवा. एकही संवाद नाही. घराची डागडुजी, ढगांत आकार शोधणं, मूल होणार नाही हे कळणं, सफरीसाठी बरणीत साठवलेले पैसे दर वेळी कुठल्या तरी खर्चासाठी काढावे लागणं, रोजचा टाय, पिकलेले केस. हे सगळं ती एकटी धून सांगते. तिची चाल वॉल्ट्झची, म्हणजे तीन-तीन मात्रांची. आपल्याकडे दादरा ऐकलेल्याला तीनाचे गट नवे नाहीत, आणि गोव्यात लग्नाच्या हॉलमध्ये बँडवर वॉल्ट्झ कुणी ऐकलेला नाही? मुलीला सांगा, गुडघ्यावर बोटानं ठेका धर: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, पहिल्यावर जोर. सुरुवातीला बोट उड्या मारत चालेल, कारण ट्रम्पेट आणि व्हायोलिन खेळकर आहेत. मग ते हळूहळू जड होईल. शेवटी, कार्ल एकटा उरतो तेव्हा, बाकीची वाद्यं गेलेली असतात आणि पियानो तेच सूर सावकाश, थांबत थांबत वाजवतो. काय झालं हे तिला समजावून सांगायची गरजच पडत नाही, बोटाला आधीच कळलेलं असतं.

मग घर फुग्यांनी उचललं जातं तिथे पुन्हा कान द्या. धून तीच, पण आता ती मोकळी होऊन वर चढते. एली पडद्यावर नाही, तरी ती त्या घरात आहे हे आपल्याला संगीतातून कळतं. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातली सर्वांत मोठी जागा त्याच्याही पुढे आहे: कार्ल एलीची जुनी वही उघडतो, कोरी असतील असं वाटलेली पानं त्यांच्या संसाराच्या फोटोंनी भरलेली निघतात, आणि पुन्हा तो पियानो येतो. आपण तिथे रडतो ते फोटोंमुळे जेवढं, तेवढंच ते सूर पूर्वी कुठे ऐकले होते ते आठवल्यामुळे. या एका जागेसाठी मी हा चित्रपट कुणालाही पुन्हा पाहायला सांगेन.

अ‍ॅनिमेशनमध्ये संगीतावर एवढा भार का पडतो? कॅमेऱ्यासमोर काही घडलेलंच नसतं. पावलं, वारा, दाराची करकर, सगळं नंतर तयार करून घालावं लागतं, त्यामुळे कुठे वाजायचं आणि कुठे गप्प बसायचं हे ठरवूनच होतं. वादक कानात ठोक्यांचा आवाज घेऊन वाजवतात, म्हणून सूर नेमक्या क्षणी चित्रावर बसतो.

गोव्यात हे ऐकायला फार लांब जावं लागत नाही. पेडण्याकडे दशावतार पाहिला असेल तर हार्मोनियम आणि पखवाजवाल्यांकडे बघा. राक्षस येताना ठेका वेगळा, विलापाला वेगळा. पात्राची चाहूल आधी कानाला लागते. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले आपले वादक मुंबईला गेले, म्हणून हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे राहिले. मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, यांची नावं मुलांना नक्की सांगा. पुढे मुलीला व्हायोलिन किंवा पियानो हातात घ्यावासा वाटला तर पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे.

आधी नुसता अल्बम ऐकवा, असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. लहान मुलाला धून गोष्टीतूनच भेटू दे, अल्बम चार दिवसांनी गाडीत लावा आणि "आता काय चाललंय?" एवढंच विचारा. टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर खर्जातली वाद्यं जवळजवळ नाहीशी होतात, म्हणून साधा बाहेरचा स्पीकर जोडा.

यानंतर 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' (2010, जॉन पॉवेल) लावा. नायक हिकप ड्रॅगनवर बसून उडायला शिकतो त्या प्रसंगात तो शेवटी सूचनांचा कागद स्वतःच फेकून देतो आणि कागदाशिवाय उडू लागतो. तिथे वाद्यवृंद काय करतो ते तुम्ही सांगू नका, तिला सांगू दे.