मायकल जॅक्सन भावांच्या बँडमधून बाहेर पडून एकटा स्टार कसा झाला? बाकीच्या भावांना ते का जमलं नाही?

आधी एक गैरसमज दूर करतो. त्याने बँड सोडला आणि मग तो स्टार झाला, असं घडलेलं नाही. त्याचं पहिलं एकट्याचं गाणं १९७१ मध्ये आलं आणि भावांबरोबरचा शेवटचा दौरा डिसेंबर १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला संपला. तोवर त्याचा ‘थ्रिलर’ हा अल्बम येऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे तेरा वर्षं दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू होत्या.

सुरुवात इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या गावातली. वडील जो जॅक्सन कारखान्यात क्रेन चालवायचे आणि फावल्या वेळात गिटार वाजवायचे. जॅकी, टिटो, जर्मेन, मार्लन आणि मायकल हे पाच भाऊ, म्हणजे ‘जॅक्सन फाइव्ह’ हा बँड, शाळेतल्या स्पर्धा, मग शिकागोचे क्लब असं करत १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरची हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकले. या फिरस्तीत छोट्या मायकलने विंगेत उभं राहून जेम्स ब्राउन आणि जॅकी विल्सन या स्टेज गाजवणाऱ्या गायकांना पाहिलं. जुलै १९६८ मधल्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या ऑडिशनचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. त्यात जेमतेम दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा मुलगा जेम्स ब्राउनचं गाणं म्हणतोय. सुरांपेक्षा त्याचे पाय बघा. ती पावलं जेम्स ब्राउनची आहेत, आणि पोराने ती निव्वळ बघून उचललेली आहेत.

पुढचा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण माझ्या मते तोच कळीचा आहे. मोटाऊनच्या रेकॉर्डवर भावांची वाद्यं जवळपास नाहीतच. टिटोची गिटार आणि जर्मेनचा बेस स्टेजवर असायचा. स्टुडिओत मात्र कंपनीचे पगारी वादक वाजवायचे. गाणी लिहायलाही कंपनीचे मालक बेरी गॉर्डी आणि आणखी तिघांची टीम होती. ‘आय वाँट यू बॅक’ आलं ऑक्टोबर १९६९ मध्ये, आणि पुढच्या वर्षभरात ओळीने चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यात भावांचं काम कोरसचं, जर्मेनच्या वाट्याला अधूनमधून काही ओळी, आणि बाकी सगळा भार एका अकरा वर्षांच्या आवाजावर. बँड पोस्टरवर होता. रेकॉर्डवर एकटा मायकल पहिल्या दिवसापासून होता. कंपनीने प्रसिद्धीत त्याचं वयही दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं.

त्यामुळे १९७१ मध्ये त्याला वेगळं गायला लावणं कंपनीला सोपं गेलं. १९७२ मध्ये त्याचं ‘बेन’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. आणि मग बालगायकाचं जे नेहमी होतं तेच झालं: आवाज फुटला. १९७३ आणि १९७५ चे त्याचे अल्बम आधीच्या मानाने खूपच कमी चालले. आवाज फुटताना नुसती पट्टी उतरत नाही. ज्या गाण्यांवर नाव झालं ती मूळ पट्टीत म्हणता येत नाहीत, आणि लोकांना हवा असतो जुनाच मुलगा. त्याच काळात ऑसमंड कुटुंबाच्या बँडमधून पुढे आलेल्या डॉनी ऑसमंडला हाच फटका बसला. १९७१ मध्ये पहिल्या क्रमांकावर असलेल्या डॉनीला मोठ्या वयाचा गायक म्हणून पुन्हा मोठं यश मिळालं ते थेट १९८९ मध्ये.

मायकल यातून सुटला, कारण मधल्या वर्षांत तो स्वतःची गाणी करायला शिकला. मोटाऊन भावांना स्वतःची गाणी करू देत नव्हती, म्हणून १९७५ मध्ये त्यांनी एपिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव मोटाऊनकडेच राहिलं, म्हणून ते ‘द जॅक्सन्स’ झाले. जर्मेनचं लग्न गॉर्डींच्या मुलीशी झालं होतं; तो मागे राहिला आणि धाकटा रँडी आला. १९७८ च्या ‘डेस्टिनी’ या अल्बमची निर्मिती भावांनी स्वतः केली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं मायकल आणि रँडीचं.

‘द विझ’ चित्रपटाच्या कामात संगीत निर्माता क्विन्सी जोन्स भेटला आणि ऑगस्ट १९७९ मध्ये ‘ऑफ द वॉल’ हा अल्बम आला. त्यातली तीन गाणी लिहिण्यात मायकलचा हात आहे. ‘थ्रिलर’मध्ये चार गाणी त्याची, आणि त्यांत ‘बिली जीन’ व ‘बीट इट’ दोन्ही. मार्च १९८३ मधल्या मोटाऊनच्या पंचविशीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने अट घातली: भावांबरोबर जुनी गाणी म्हणेन, पण नंतर एकट्याचं नवं गाणं हवं. भाऊ आत गेले, ‘बिली जीन’चा ठेका सुरू झाला आणि मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकणारी त्याची पावलं, जगाने पाहिली. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने स्वतःसाठी काही मिनिटं मागून घेतली होती, हे मला त्या पावलांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

भावांना अजिबात जमलं नाही, हेही पूर्ण खरं नाही. जर्मेनची गाणी १९७३ आणि १९८० मध्ये पहिल्या दहात होती. पण १९८० चं त्याचं गाणं मोटाऊनचाच मोठा गायक स्टीव्ही वंडरने घडवलेलं होतं. दुसऱ्याने हात दिला की गाणं चालायचं, पुढे तेच सातत्य स्वतःच्या बळावर टिकलं नाही.

वडिलांच्या कडक शिस्तीमुळे हे घडलं, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते अजिबात पटत नाही. वडिलांच्या मारहाणीबद्दल आणि हरवलेल्या बालपणाबद्दल मायकल १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत स्वतः बोलला आहे. तीच शिस्त पाचही मुलांच्या वाट्याला आली होती, मग मायकल एकच का झाला?

फरक कानांनी तपासायचा असेल तर आधी ‘आय वाँट यू बॅक’ ऐका, मग ‘बेन’, मग ‘ऑफ द वॉल’च्या २००१ च्या आवृत्तीत दिलेलं ‘डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ’चं घरी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. रँडी आणि बहीण जॅनेट काचेच्या बाटल्या वाजवतायत, आणि पक्क्या गाण्यातला ठेका तिथे आधीच जागेवर बसलेला आहे.