डिस्क वाचेनाशी झाली: दोष ड्राइव्हचा की डिस्कचा?

सीडी-डीव्हीडी चालत नाही अशी वाचकांची पत्रे येतात. त्यांतले शब्द वेगवेगळे असतात, गोंधळ मात्र एकच. दोष डिस्कमध्ये आहे की ती वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये, हे ठरवण्याआधीच उपाय सुरू होतात. म्हणून उत्तरांकडे वळण्यापूर्वी एवढे करा: कारखान्यात छापलेली, ओरखडा नसलेली एक सीडी आणि तशीच एक डीव्हीडी आपल्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. मग न चालणारी डिस्क दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतात.

प्रश्न: माझ्या ड्राइव्हवर डीव्हीडी व्यवस्थित चालते, सीडी मात्र ओळखतच नाही. विंडोज पुन्हा टाकली तरी फरक नाही. कुठला ड्रायव्हर टाकू?

कुठलाच नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला यंत्र चालवता यावे म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम, दोष त्यात नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. ड्राइव्हमध्ये हे दोन लेसर वेगळे असतात आणि त्यातला एक आधी दम तोडू शकतो. तुमचा सीडीचा लेसर गेलेला दिसतो. एकदा लेन्स पुसून पाहा (कृती खाली दिली आहे). फरक पडला नाही तर ड्राइव्ह बदला. ऑप्टिकल ड्राइव्हला विंडोज स्वतःचाच ड्रायव्हर वापरते, त्यामुळे ‘तुमचा डीव्हीडी ड्रायव्हर जुना झाला आहे’ असे सांगून पैसे मागणारे प्रोग्राम नसलेल्या आजारावर औषध विकत असतात. ते उतरवू नका, आणि उतरवले असतील तर काढून टाका.

प्रश्न: बाजारातल्या डिस्क चालतात, पण घरी बर्न केलेल्या (संगणकावर लिहिलेल्या) आणि विशेषतः पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क चालत नाहीत. असे का?

छापील सीडी लेसरचा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, पुनर्लेखनाची सीडी मात्र जेमतेम १५ ते २५ टक्के. लेन्सवर धूळ बसली किंवा लेसर मंदावला की आधी या डिस्क बंद पडतात, मग दोन थरांच्या डीव्हीडी, आणि छापील सीडी सर्वांत शेवटी. ही पूर्वसूचना समजा. ड्राइव्ह थोडेफार वाचते आहे तोवर जुन्या डिस्कमधला मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

प्रश्न: ट्रे उघडत नाही, डिस्क आत अडकली आहे.

संगणक पूर्ण बंद करा, ट्रेच्या दर्शनी पट्टीवरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप आडवी, सावकाश दाबा. ट्रे थोडी बाहेर आली की हाताने ओढा. हे वारंवार होत असेल तर ट्रेचा रबरी पट्टा सैल झाला आहे, तो बदलून घ्या. आतली डिस्क तडकलेली असेल तर ती पुन्हा कधीही घालू नका. ५२ पट वेगात सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि तडा गेलेली डिस्क त्या वेगात फुटते.

प्रश्न: लेन्स साफ करण्यासाठी ब्रश लावलेली क्लीनर डिस्क घेऊ का? कोणी म्हणते टूथपेस्ट चालते, कोणी म्हणते आतला छोटा स्क्रू फिरवला की लेसरची ताकद वाढते.

तीनही गोष्टींना माझे उत्तर नाही असेच आहे. क्लीनर डिस्कचे ब्रश फिरत्या वेगात लेन्सवर आपटतात. ही लेन्स केसाएवढ्या बारीक तारांवर तरंगत असते. वरची सैल धूळ कदाचित निघेल, तेलकट थर तसाच राहतो. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. सीडीच्या जाड प्लॅस्टिकवरच्या उथळ ओरखड्याला तिचा कधीकधी उपयोग होतो, पण लेन्सवर लावली की लेन्स कायमची धूसर झालीच म्हणून समजा. तो ‘छोटा स्क्रू’ म्हणजे लेसरचा प्रवाह ठरवणारा पोटेन्शिओमीटर. तो वाढवला की थकलेला लेसर काही दिवस उजळतो आणि मग जळतो. तो काही दिवस चालला, एवढ्यावरच ही ऐकीव युक्ती पसरत राहते.

लेन्स साफ करायचीच असेल तर अशी करा. वीजपुरवठा काढा, बॅटरी असेल तर तीही. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेवरच असते, ट्रे उघडली की निळसर झाक असलेला मुगाएवढा गोल ठिपका दिसतो. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये खालचे चार स्क्रू काढून झाकण उघडावे लागते. त्याआधी पेपरक्लिपने ट्रे बाहेर काढून दर्शनी पट्टी सोडवा, नाहीतर तिचे खटके तुटतात. कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, थेंब गळेल इतके नको. लेन्सवर काडी फक्त टेकवा, मध्यापासून बाहेर एकदाच हलके फिरवा. लेन्स थोडी खाली दबून आपणहून वर यायला हवी. वाकडी राहिली तर जोर जास्त झाला. मग कोरी काडी तशीच फिरवा, दहा मिनिटे थांबा, झाकण लावा आणि मगच वीज द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, ॲसिटोनने प्लॅस्टिकची लेन्स विरघळते. तोंडाने फुंकरही मारू नका, थुंकीचे तुषार बसतात. झाकण उघडे ठेवून ड्राइव्ह चालू करणे तर सक्त वर्ज्य, कारण बर्नरचा (डिस्क लिहू शकणाऱ्या ड्राइव्हचा) लेसर डोळ्याला इजा करू शकतो आणि अवरक्त किरण नीट दिसतही नाही. स्क्रूला हात लावायची सवय नसेल तर हे काम तंत्रज्ञाकडे द्या.

प्रश्न: ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच दिसत नाही.

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये पाहा. तिथेही नसेल तर साटा केबल (ड्राइव्हची माहिती नेणारी) आणि वीज केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, शक्यतो दुसरी केबल लावून पाहा. बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये नाही, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह कोड १९ किंवा ३९ दिसतो, तर बर्निंगच्या एखाद्या जुन्या प्रोग्रामने मागे सोडलेल्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी हे नेहमीचे कारण असते. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही. तिच्या ‘क्लास’ विभागात ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या ‘की’मध्ये (नोंदींच्या कप्प्यात) त्या सापडतात. कीची प्रत काढून ठेवा, या दोनच नोंदी काढा, संगणक पुन्हा सुरू करा. शेजारच्या कीमधल्या याच नावाच्या नोंदींना हात लागला तर कीबोर्ड किंवा हार्ड डिस्क बंद पडू शकते. खात्री नसेल तर जाणकाराला शेजारी बसवूनच हे करा.

प्रश्न: बाहेरून जोडायची यूएसबी ड्राइव्ह डिस्क फिरवते, टिकटिक करते आणि गायब होते.

वीज कमी पडते. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३ चे ९००. मोटर वेग घेताना याहून जास्त मागू शकते. हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड) काढा, थेट संगणकाच्या पोर्टला आखूड केबलने जोडा, दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडे लावा.

प्रश्न: घरच्या समारंभांचे फोटो २००८ मध्ये बर्न केलेल्या डीव्हीडींवर आहेत, दुसरी प्रत नाही. आधी उघडायला वेळ लागायचा, आता अर्ध्यावर अडकते. रोज एकदा घालून पाहतो, कधीतरी चालेल या आशेने. पॉलिश करून घेऊ का?

रोजचा प्रयत्न आजच थांबवा, आणि पॉलिशचा विचारही. बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि तो थर उष्णतेने, उजेडाने, दमटपणाने हळूहळू बिघडतो. ‘उघडायला वेळ लागायचा’ तेव्हा ड्राइव्ह तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून चुका भरून काढत होती. प्रत काढायची वेळ तीच होती. अजूनही वेळ पूर्ण गेलेली नाही, पण इथून पुढचा प्रत्येक महिना तुमच्या विरोधात आहे.

डिस्क कडेने धरा, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका. गोलाकार ओरखडा वाचनाच्या मार्गावरूनच लांबवर जातो आणि चूक दुरुस्त करणारी यंत्रणा तिथे हरते, मध्यापासून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा मात्र ती बऱ्याचदा सहज पार करते. मग विंडोजच्या कॉपी-पेस्टला विसरा. एक भाग वाचता आला नाही की ते अख्खी फाइल सोडून देते. डीडीरेस्क्यूसारख्या मोफत साधनाने सबंध डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत काढा, सेक्टर (वाचनाचा एक तुकडा) २०४८ बाइट्सचा ठेवून. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढेच घ्या, हट्ट करू नका, मग राहिलेल्या भागांसाठी दोन-तीन फेऱ्या. हे साधन काय वाचले, काय राहिले याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवते. तोच नकाशा वापरून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसरी वाचते, हे सर्रास घडते. डिस्क ज्या ड्राइव्हवर बर्न केली ती अजून असेल तर तिच्यावर आवर्जून प्रयत्न करा, विशेषतः डिस्क फायनलाइज (लेखन पूर्ण करून बंद) केलेली नसेल तर.

पॉलिशने वाचनाच्या बाजूचा ओरखडा सौम्य होतो, विरलेला रंग परत येत नाही. ब्ल्यू-रेवर तर संरक्षक थर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा, तिथे पॉलिश म्हणजे नाशच. सीडी असती तर लेबलची बाजू उजेडात धरून पाहायला सांगितले असते, कारण तिचा आरसा (प्रकाश परतवणारा थर) लेबलच्या लगेच खाली असतो आणि तिथला ओरखडा कशानेच भरत नाही.

इमेज निघत नसेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा, पण दोन गोष्टी आधी विचारून घ्या: डिस्कवर काहीही करण्याआधी इमेज काढणार का, आणि काही हाती लागले नाही तर पैसे किती. विचारल्याशिवाय पॉलिश करणार नाही, हे लेखी घ्या. शंभर टक्के हमी देणाऱ्याकडे डिस्क ठेवू नका.

प्रश्न: चित्रपटाची डीव्हीडी उघडते, फाइल दिसतात, पण चालत नाही.

ड्राइव्ह ठीक आहे. विंडोज ८ पासून मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोय काढलेली आहे. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाका.

प्रश्न: लॅपटॉपची ड्राइव्ह दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

लेन्स पुसून आणि दुसऱ्या डिस्क घालूनही चालली नाही तर नवी घ्या, लेसर बदलत बसण्यात अर्थ नाही. जुनी बाहेर काढून जाडी मोजा: १२.७ मिलिमीटर की ९.५. जाड ड्राइव्ह पातळ खाचेत बसत नाही. जुन्यावरची दर्शनी पट्टी आणि मागची धातूची पकड नव्या ड्राइव्हवर चढवावी लागते, म्हणून जुनी ड्राइव्ह फेकू नका, सोबत घेऊन जा आणि विकत घेण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पाहा.