पाण्यातला तो पांढरा कोण?

प्रश्न : ताई, माझा नऊ वर्षांचा मुलगा जुना 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळतो. 2-2 या पातळीत पाण्यात एक पांढरा प्राणी अंगावर येतो. मुलगा म्हणतो ऑक्टोपस, मी म्हणतो जेलीफिश. आणि त्याच्या डोक्यावर उडी मारली की आपणच का मरतो?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दादा, दोघंही चुकलात. ते माकूल आहे, म्हणजे स्क्विड. इंग्रजीत नाव ब्लूपर, पण 1985 च्या मूळ जपानी खेळात तो गेस्सो. माकलाच्या पायांना जपानी लोक खाताना 'गेसो' म्हणतात, त्यावरून.

मला हे चेंदणी कोळीवाड्यात, आजीच्या घरीच कळलं होतं. आम्ही भाड्याच्या कॅसेटीत फुंकर मारून मारिओ लावायचो. आजी एकदा टीव्हीसमोर थबकली. "अगो, माकूल हाय तं! पन शाई कुठंय?" तिला ते विचारायचा हक्क होता. माकलाचं डोकं धरून ओढायचं, शाईची पिशवी न फोडता काढायची, मग आतली प्लॅस्टिकसारखी पारदर्शक पट्टी. अख्खी पाटी ती बोलता बोलता साफ करायची. ती शाई 2005 च्या 'मारिओ कार्ट डीएस'मध्ये आहे. तिथे ब्लूपर थेट पडद्यावर शाई उडवतो.

आता उडीचं. जमिनीवर मारिओ शत्रूला वरून चिरडतो, पाण्यात मात्र चिरडणं नाहीच. वरून शिवा की खालून, मार तुम्हालाच. आगीचे गोळे असतील तर उडवा, 200 गुण मिळतात. नाहीतर चुकवा. मासे बिचारे नाकासमोर जातात. ब्लूपर तिरका तुमच्या रोखाने वर झेपावतो, मग सरळ खाली बसत येतो. खाली बसताना त्याच्या वाटेत राहू नका.

आमची युक्ती चिरंजिवांना सांगा: मारिओ बुटका असेल तर पोहायचंच नाही, तळावरून चालत सुटायचं. ब्लूपर डोक्याच्या जरा वर येऊन परत फिरतो. आम्ही मुद्दाम बुटके राहायचो. फक्त खड्ड्यांपाशी जपा, तिथं पाणी खाली ओढतं. आणि 7-2 आलं की "हे तर खेळलोय" म्हणून बेफिकीर होऊ देऊ नका. रस्ता तोच आहे, माकलं जास्त आहेत.