संडे स्कूलचा वर्ग नव्याने घेतेस म्हणून

वर्गात एक मूल असं असतंच, ज्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. ‘त्याच्याशी चांगलं वागा’ असं सगळ्यांदेखत मुळीच सांगू नकोस. मी एकदा सांगितलं होतं. तो मुलगा मान खाली घालून नखाने बाक खरवडत राहिला, पुढच्या रविवारी आलाच नाही. अजून टोचतं मला ते.

त्यापेक्षा बायबलमधलं मार्क 1:40-41 वाचून दाखव. येशूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला, मग ‘शुद्ध हो’ म्हटलं. आधी हात का, हे मुलांनाच विचार. ती छान बोलतात. मग एखाद्या समजूतदार मुलीला हळूच सांग: त्याच्याशेजारी बस आणि त्याच्याकडे खडू माग. हो, माग. द्यायची घाई नको. येशूनेही शोमरोनी बाईकडे, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा लोकांतल्या बाईकडे, आधी प्यायला पाणीच मागितलं होतं (योहान 4:7). ज्याच्याकडे कुणी कधी काही मागितलेलं नाही, त्याचा चेहरा तेव्हा बघ. खडूच्या डबीतला सगळ्यात लांब तुकडा शोधून देतं ते पोर.

कपडे, वह्या द्यायच्या असतील तर थेट त्याच्या आईवडिलांशी बोल, मुलांच्या हातून नको. सुरुवातीला तो झिडकारेलही. मुलीला तसं आधीच सांगून ठेव, म्हणजे ती पुढच्या रविवारीही तिथेच बसेल.