फॉर्म कोपऱ्याला धरून ओढता येईल का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी मी एक्सेलमध्ये मॅक्रोचा (एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामचा) फॉर्म बनवलाय. लिस्टबॉक्समध्ये, म्हणजे यादीच्या चौकटीत, फ्लॅट नंबर, नाव, थकबाकी आणि खाली पावतीचं बटण. माझ्या लॅपटॉपवर छान दिसतो पण ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर अगदी एवढुसा, नावं अर्धी कापली जातात आणि कड धरून ओढला तर ढिम्म हलत नाही. प्रॉपर्टीजमध्ये (फॉर्मच्या सेटिंगच्या यादीत) बॉर्डरस्टाईलला, म्हणजे कडेच्या प्रकाराला, दोनच पर्याय दिसतात. मी वैतागले आहे.
– एका सोसायटीच्या खजिनदार, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, एक्सेलच्या युजरफॉर्मला, म्हणजे मॅक्रोच्या अशा फॉर्मला, ओढून मोठं करायची सोय दिलेलीच नाही. बॉर्डर एकतर नाही, नाहीतर साधी, बास. व्हीबी 6 (व्हिज्युअल बेसिक ही मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) च्या फॉर्मला ओढता येणारी बॉर्डर होती, इथे मात्र 97 च्या एक्सेलपासून आजपर्यंत तेच.

नेटवर शोधलंत तर विंडोज एपीआयचा, म्हणजे थेट विंडोजच्या आतल्या आज्ञा वापरणारा कोड मिळेल, फाइंडविंडोने फॉर्म पकडायचा आणि सेटविंडोलाँगने त्याला जाड कड लावायची. चालतं, पण 64 बिट ऑफिसवर, त्या आज्ञा जाहीर करणाऱ्या डिक्लेअर ओळीत डिक्लेअरच्या पुढे पीटीआरसेफ हा शब्द नसेल तर मॅक्रो सुरूच होत नाही आणि मॅकवर तर हे प्रकरणच नाही. उद्या खजिनदार बदलले की त्यांना कोण समजावणार, म्हणून मी तरी याच्या वाटेला जात नाही.

सोपा जुगाड सांगतो. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं लेबल टाका, फॉन्ट मार्लेट (विंडोजचा चिन्हांचा फॉन्ट) आणि कॅप्शनमध्ये, म्हणजे लेबलवरच्या मजकुरात, इंग्रजी स्मॉल ओ, की तिरक्या रेघांची ती ओळखीची मूठ दिसते. माऊसपॉइंटर 8 ठेवा म्हणजे तिरका बाण येईल. लेबलच्या माऊसडाऊनमध्ये (बटण दाबताच चालणारा कोड) एक्स आणि वाय, म्हणजे माऊसची आडवी-उभी जागा, लक्षात ठेवायचे, माऊसमूव्हमध्ये (माऊस हलताच चालणारा कोड) डावं बटण दाबलेलं असेल तर जितका फरक पडला तितकी फॉर्मची रुंदी-उंची वाढवायची. आणि फॉर्मच्या रिसाईझ इव्हेंटमध्ये (माप बदललं की चालणारा कोड) लेबल परत कोपऱ्यात नेऊन बसवायचं, हे विसरायचं नाही! मी एकदा विसरलो होतो, हे एक्स-वाय लेबलपासून मोजलेले असतात ना, लेबल जागचं हललं नाही म्हणून फरक मिटेचना आणि माऊस जरा हलला की फॉर्म सुसाट वाढत स्क्रीनच्या बाहेर.

पण नुसता फॉर्म मोठा करून तुमचं काम होणार नाही, आतलं सामान जागेवरच राहतं. रिसाईझमध्येच लिस्टबॉक्सची रुंदी इनसाइडविड्थवरून, म्हणजे फॉर्मच्या आतल्या रुंदीवरून काढा (विड्थवरून नको, त्यात कडाही मोजल्या जातात), बटण इनसाइडहाइटवरून, म्हणजे आतल्या उंचीवरून खाली ढकला. लिस्टबॉक्स रुंद झाला तरी कॉलम आपोआप रुंद होत नाहीत, कॉलमविड्थ्स पुन्हा लिहावी लागते, म्हणजे नंबरला 50, थकबाकीला 70 आणि उरलेलं सगळं नावाला. नावं कापली जातात ती यामुळेच. आणखी एक खोड म्हणजे लिस्टबॉक्सची इंटिग्रलहाइट ही प्रॉपर्टी ट्रू असेल तर लिस्टबॉक्स पूर्ण ओळी बसतील एवढीच उंची घेतो आणि खाली फट राहते, ते फॉल्स करून टाका.

किमान मापही ठरवून ठेवा, 240 बाय 180 पॉइंट पुरे (72 पॉइंट म्हणजे एक इंच), त्याच्या खाली गेलं तर माऊसमूव्हमधूनच बाहेर पडा. नाहीतर कोणीतरी हौसेने फॉर्म चिमूटभर करतो, वजाबाकीत लिस्टबॉक्सची रुंदी उणे येते आणि इनव्हॅलिड प्रॉपर्टी व्हॅल्यू या चुकीच्या संदेशाची खिडकी तोंडावर.

फॉर्म बंद होताना चालणाऱ्या क्वेरीक्लोजमध्ये सेव्हसेटिंग या आज्ञेने माप साठवा आणि उघडताना चालणाऱ्या इनिशिअलाइझमध्ये गेटसेटिंगने परत वाचा, रोज ओढत बसायला नको. आणि कमिटीतल्या आजोबांना फक्त अक्षरं मोठी हवी असतील तर झूम प्रॉपर्टी 130 करून बघा, मात्र झूमने फॉर्मची चौकट वाढत नाही, ती त्याच हिशोबात वेगळी वाढवावी लागेल.